मदत हवी आहे: बीटल खाली बसवली, पण मागून वाकडी बसली

मंडळी नमस्कार. माझ्याकडे १९६५ ची फोक्सवॅगन बीटल आहे. पुढे लिंक पिनवाला बीम (पुढच्या चाकांचं सस्पेन्शन धरणारा आडवा सांगाडा), मागे स्विंग ॲक्सल (चाकासकट वर-खाली झुलणारा ॲक्सल). गाडी जरा खाली बसावी एवढीच हौस होती. नाशिकच्या अंबडमधल्या एका गॅरेजवाल्याने मागचे टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे, दोन्ही टोकांना दाते असलेले दांडे) आतल्या बाजूने एक-एक दाता फिरवून दिले. (बारला चाकाशी जोडणारी पट्टी, म्हणजे स्प्रिंग प्लेट, सुटली तेव्हा असा धाडकन आवाज झाला की चहाचा ग्लास हातातून पडला.)

आता डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर खाली आहे आणि मागची दोन्ही चाकं वरून आत झुकलीत. महिनाभरात टायर आतून गुळगुळीत!

बारला आत ४० दाते आणि बाहेर ४४, म्हणजे आत एक दाता ९ अंशांचा, बाहेर साधारण ८.२. मग डावीकडे आत एक दाता उलटा आणि बाहेर एक सुलटा फिरवला, तर साधारण ०.८ अंशाचा फरक पडून डावी बाजू थोडी वर येईल ना? कुणी स्वतः केलंय? आणि स्विंग ॲक्सलला हा झुकाव चालवूनच घ्यायचा का?

पुढचं काम अजून बाकी आहे. बीम कापून ॲडजस्टर (उंची कमी-जास्त करायचा भाग) वेल्ड करायला मन धजत नाही, ड्रॉप स्पिंडल (चाकाचा आस वर सरकवून गाडी खाली आणणारे भाग) बरे वाटतात. पण गंगापूर रोडचे स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यातले खड्डे बघता किती खाली न्यावं? नाशकात किंवा पुण्यात हे काम जाणणारा मिस्त्री असेल तर कृपया सांगा.