श्रेय आईलाही द्या
'शर्यतीचा घोडा गॅलिलिओ मोठा झाला तो त्याचा बाप सॅडलर्स वेल्सच्या रक्तामुळे' असं एक मत मांडलं जातं, ते मला अपुरं वाटतं. त्याची आई अर्बन सी स्वतः १९९३ ची आर्क द ट्रायम्फ ही फ्रान्समधली मोठी शर्यत जिंकलेली घोडी. गॅलिलिओने २००१ ची इंग्लंडमधली डर्बी शर्यत जिंकली. तिच्याच दुसऱ्या मुलाचा, सी द स्टार्सचा, बाप केप क्रॉस, तरी त्याने २००९ मध्ये टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि आर्क या तिन्ही शर्यती जिंकल्या! बाप वेगळे, आई एकच. दुर्दैव असं, की २००९ चा तो मोसम सुरू होण्याआधीच, मार्चमध्ये, शिंगराला जन्म देऊन अर्बन सी गेली.

घोडीला वर्षाला एकच शिंगरू, त्यामुळे तिचं रक्त खरं पसरतं ते मुलग्यांमार्फत, कारण एका घोड्याची वर्षाला कितीतरी शिंगरं होतात. शर्यतींत अपराजित राहिलेला फ्रँकेल गॅलिलिओचाच मुलगा. शिवाय अर्बन सीची आई अलेग्रेटाही बघा, २००० सालचा टू थाउजंड गिनीजविजेता किंग्ज बेस्ट तिचाच मुलगा.