तांबीची अट आणि नवऱ्याची सही

गर्भपात करून हवा असेल तर तांबी (दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) बसवावीच लागेल आणि नवऱ्याची सहीही लागेल, असं नर्सने सांगितल्याचं कुणीतरी लिहिलंय. दोन्ही चूक. १९७१च्या गर्भपात कायद्यात १८ वर्षं पूर्ण झालेल्या बाईची एकटीची संमती पुरते. फॉर्म सी म्हणजे संमतीच्या फॉर्मवर नवऱ्याच्या सहीसाठी रकानाच नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये डॉक्टरांना असल्या जादा अटी घालू नका, असं बजावलंय.

पण नर्सने गर्भनिरोधकाचा विषय काढला हे बरोबरच. पहिल्या तिमाहीतल्या गर्भपातानंतर दोन आठवड्यांच्या आत बीज सुटू शकतं. पाळीची वाट बघत बसलं तर पुन्हा दिवस जायचे. पिशवी साफ केली असेल आणि जंतुसंसर्ग नसेल तर तांबी तेव्हाच बसवता येते; गोळ्यांनी केला असेल तर तो पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावर. 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन, 'छाया' या गर्भनिरोधक गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आशाताईंचं काम माहिती द्यायचं, सोबत जायचं. पण टेबलावर कळा येत असताना "बसवू ना?" विचारणं म्हणजे संमती नव्हे. आधी विचारा, तेही सासूला बाहेर बसवून. आणि नवऱ्याला निरोध द्यायचं कुणाला कसं सुचत नाही?