वॉन्डरिंग अर्थमधलं सायन्स खरं किती अन् फेकाफेकी किती?

कपाशीवाला: रात्री ओलिताले जाचं होतं अन् थ्री फेज लाईन यायले टाईम होता, मंग बांधावर बसूनच हा चायनीज पिक्चर पाहून टाकला, २०१९चा. सूर्य फुगून रायला म्हणून हे लोकं पृथ्वीलेच हजारो इंजिनं लावते अन् ४.२ प्रकाशवर्षं दूरच्या ताऱ्याकडं नेते, २५०० वर्षांचा प्रवास. मधात गुरू ओढून घेते तं त्याच्या धक्क्यानं पृथ्वी दूर ढकलाले गुरूलेच आग लावते. पिक्चर एक नंबर हाये, पण असं काही होऊ शकते का बावा? घरचं पोट्टं डोकं खाऊन रायलं.

मास्तर_देवळी: सूर्याला तसा फुगायला अजून ५०० कोटी वर्षं आहेत, पिक्चरवाल्यांनी ते शंभर वर्षांवर आणून ठेवलं. ते माफ, नाहीतर गोष्टच सुरू होत नाही. इंजिनांचा हिशोब पाहा. ४.२ प्रकाशवर्षं २५०० वर्षांत म्हणजे सरासरी सेकंदाला ५०० किमी, आणि अख्ख्या पृथ्वीला त्या वेगावर न्यायला लागणारी ऊर्जा म्हणजे सूर्य साठेक वर्षांत चारही बाजूंना मिळून जेवढी फेकतो तेवढी. आता गंमत अशी की गुरूजवळून वळसा मारून वेग घेणं ही पिक्चरमधली युक्ती एकदम खरी, व्हॉयेजर २ या अंतराळयानानं १९७९मध्ये तेच केलं, पण गुरू स्वतःच सूर्याभोवती सेकंदाला १३ किमीनं फिरतो, म्हणून त्याच्याकडून जास्तीत जास्त त्याच्या दुप्पट, म्हणजे २६ मिळणार. लागतात ५००! एवढ्यासाठी गुरूच्या तोंडात जायची काय गरज होती ते मला अजून कळलं नाही.

वऱ्हाडी_फिजिक्स: सर इंजिन सोडा, खरा झोल त्या आगीत हाये. गुरूवरचा नुसता हायड्रोजन जळत नाई, ऑक्सिजन लागते, हे त्यायले माहीत हाये म्हणून पृथ्वीवरची हवा तिकडं ओढल्या जाते असं दाखवलं, इथवर बरोबर. पण आपल्या हवेतला सगळाच्या सगळा ऑक्सिजन जाळला अन् सगळी ताकद पृथ्वीले ढकलण्यातच गेली असं धरलं तरी पृथ्वीले वेग भेटते ताशी १० किमीच्या आतच. मी कागदावर करून पाह्यलं. सायकलवाला पुढं निघून जाईन. अन् वर हवा संपली ते वेगळंच.

गोंदियाचा_पोट्टा: तुम्ही लोकं कायले चायनावाल्यायलेच धरता बे, हॉलिवूडवाले काय कमी फेकतात का. इथं कमीत कमी तुमच्यासारख्याले हिशोब करावा तं वाटला. २०२३चा दुसरा भाग पाह्यला का, त्यात चंद्र फोडतात जगातले अणुबॉम्ब नेऊन.

वऱ्हाडी_फिजिक्स: पाह्यला ना. रशियानं १९६१मध्ये फोडलेला सगळ्यात मोठा बॉम्ब ५० मेगाटनचा होता, चंद्राचे तुकडे करून कायमचे पांगवायचे तं तसे ६० हजार कोटी लागतीन. जगात आज सगळे लहानमोठे मिळून बाराएक हजार हायेत.