वाईत फोटो कुठे काढू?

भटक्या_पुणे: रविवारी वाईला चाललोय, एकच सकाळ आहे हातात. ढोल्या गणपती सोडून काय?

कृष्णाकाठ: सोडू कशाला! देवळाच्या मागे जा, मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी दुभंगावं म्हणून, आणि नदीकडून ती एकदम भारी दिसते.

घाटवेडी: मेणवली!! नाना फडणवीसांचा वाडा, खाली घाट, आणि तिथली पोर्तुगीज घंटा, १७३९ च्या वसई मोहिमेतली, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेत, अगदी जवळून काढ. लवकर जा बाबा, नंतर प्रीवेडिंगवाले पायऱ्या सोडत नाहीत, मी तासभर ताटकळलेय.

भटक्या_पुणे: मग सहालाच मेणवली. ट्रायपॉड घेऊ?

कृष्णाकाठ: घे, पण शेवाळलेल्या पायऱ्यांवर नको.