शब्द तोच, अर्थ भलताच: तुमचे अनुभव लिहा

परवा भाचीचं नाटकातलं काम बघून मैत्रिणीनं तिला मेसेज टाकला, "राडा केलास गं!" माझ्या आईनं तो वाचला आणि नातीला दरडावलं, "कुणाशी भांडलीस?" आईच्या डोळ्यांपुढे गिरणगावातले राडे, धाडधाड खाली येणारी दुकानांची शटरं. तुमच्या घरी कुठल्या शब्दानं असा घोळ घातला? (शिव्या नकोत, पोरंही वाचतात.)

सातारकर: आमच्याकडं राडा म्हंजे चिखल. आजी अजून म्हणती, "पाय धू, राडा आणू नगंस घरात." मुंबईत नवा होतो तेव्हा रूमवरचा पोरगा म्हणाला, "काल नाक्यावर राडा झाला." मी विचारलं, "पाऊस कधी पडला?" पुढं वर्षभर मला 'पाऊस' म्हणूनच हाक मारायचे.

पुण्यातून: महापालिकेच्या भाषेत 'राडारोडा' अजून आहे. पाडकामाचा ढिगारा. तिथं कुणी कौतुक करत नाही.

रत्नागिरीची: पेटी! बाबांची हापूसची पेटी, काकांची भजनातली पेटी, एवढंच मला ठाऊक. हॉस्टेलवर बाबांचा फोन स्पीकरवर होता: "दोन पेट्या पाठवल्यात, एसटी स्टँडवरून घे." खोलीतल्या मुंबईच्या मुलींचे डोळे विस्फारले. पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, हे त्या दिवशी कळलं. 2022 मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके' सुरू झालं आणि बाबांची खरी पंचाईत झाली. लाकडी पेट्या सोडून आम्ही नुकतेच पुठ्ठ्याच्या खोक्यांवर आलो होतो. आता गिऱ्हाईकाला "किती खोके पाठवू?" विचारलं की आधी हसणं, मग ऑर्डर.

कोल्हापूर: वडलांच्या तोंडी 'नादाला लागला' म्हंजे पोरगं वाया गेलं. तेच वडील आता सुनेच्या तांबड्या रश्श्याला "नाद खुळा!" म्हणत्यात.

निवृत्त शिक्षिका, नागपूर: निरोपाच्या कार्डावर एका मुलानं लिहिलं होतं, 'मॅडम, कडक!' ती तक्रार होती की शाबासकी, अजून ठरलेलं नाही. कार्ड जपून ठेवलंय.

धागा काढणारा: सातारकर, तुमचं आईला वाचून दाखवलं. ती गप्पच झाली. मग म्हणाली, लग्न होऊन परळला येईपर्यंत तीसुद्धा चिखलालाच राडा म्हणायची. विसरलीच होती.