म्हणे ‘छावण्या लष्करानं सांभाळल्या’! अफगाण निर्वासित, आठ तळ आणि हुकूम नेमका कुणाचा?

बाराबंदी
परवा शिलेदार यांनी लिहिलं, ‘2021 मध्ये काबूलहून आणलेल्यांना अमेरिकी लष्करानं सांभाळलं म्हणून निभावलं, नागरी खात्यांनी बोजवारा उडवला असता.’ दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण हे इतकं अर्धवट आहे की वेगळा धागा काढतोय.

या लोकांना अमेरिकेत वसवायची मोहीम तिथल्या गृहसुरक्षा खात्याची, म्हणजे नागरी खात्याची. मॅकॉय, ब्लिस, हॉलोमन, मॅग्वायर-डिक्स-लेकहर्स्ट, ली, पिकेट, क्वांटिको, अ‍ॅटरबरी या अमेरिकेतल्या आठ लष्करी तळांवर नॉर्दर्न कमांडकडे (मायदेशाची जबाबदारी असलेल्या लष्करी विभागाकडे) काय होतं? खाटा, जेवण, दवाखाना, बंदोबस्त. माणूस बाहेर कधी पडणार हे त्यांच्या हाती नव्हतंच. बोटांचे ठसे, तपासणी, गोवराची लस, लशीनंतर 21 दिवस थांबणं, वर्क परमिट, मग पुनर्वसन संस्थेनं शहर ठरवून घर शोधायचं. एक पायरी अडली की खाट अडते, आणि खाट अडली की परदेशातल्या तळावरची माणसं तिथंच अडकतात. 10 सप्टेंबरला गोवरामुळे विमानं थांबली, तेव्हा तर दोन्हीकडून कोंडी झाली. रांगेतला माणूस विचारणार गणवेशवाल्याला, आणि त्याच्याकडे उत्तर नाही. ही कसली देखरेख?

शिलेदार
उत्तर नसणं वेगळं आणि डोक्यावर छप्पर नसणं वेगळं. दोन-अडीच आठवड्यांत काबूलहून 1 लाख 20 हजारांहून अधिक माणसं हलवली. हॉलोमनच्या वाळवंटात तंबूंचं गाव वसवायला आधी निविदा काढत बसायचं होतं का? लष्कराकडे लॉजकॅपसारखी, म्हणजे रसद आणि सेवांसाठी आधीच करून ठेवलेली, चौकट-कंत्राटं तयार असतात. कामाचा आदेश निघाला की स्वयंपाकघर, जनरेटर, धुलाई हलायला लागते. कोणत्या नागरी खात्याकडे आहे हे?

कोर्टकचेरी
दोघेही मूळ गोची सोडून भांडताय. हे लोक कैदी नव्हते, ‘पॅरोल’वर होते, म्हणजे तुरुंगातला पॅरोल नव्हे, व्हिसाशिवाय देशात तात्पुरतं राहायची परवानगी. फाटकातून निघून जायची मुभा होती, फक्त परत आत घेत नव्हते. सैनिकांचा कायदा त्यांना लागू नाही. बराकीत नवऱ्यानं बायकोला मारलं तर मिलिटरी पोलीस फार तर ताब्यात घेणार. पुढे खटला कुणी चालवायचा? तळाची जमीन पूर्णपणे केंद्राच्या अखत्यारीत आहे, सामायिक आहे की राज्याची आहे, यावर ते ठरतं. पिकेट तर व्हर्जिनियाच्या नॅशनल गार्डकडे, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याकडे. केंद्राचे वकील मोठे गुन्हे घेतात, लहानसहान कोण घेणार?

हे नवं नाही. मे 1980 च्या अखेरीस अर्कान्सातल्या फोर्ट चॅफीच्या फाटकातून तिथं ठेवलेले शेकडो क्यूबन निर्वासित चालत बाहेर पडले. अडवायचा अधिकार आहे की नाही तेच ठरलेलं नव्हतं, त्यामुळे सैनिक बघत राहिले. 1 जूनला दंगल आणि जाळपोळ. 41 वर्षांत धडा शून्य.

तांब्यापेला
अधिकार गेला खड्ड्यात, आधी संडासाचं बोला. कतारमधल्या अल उदैद तळाच्या हँगरमध्ये ऑगस्टमध्ये जमिनीवर मैला होता, हे लष्कराच्याच अंतर्गत ई-मेलमधून बाहेर आलं. तिथं तर नागरी खातं आडवं आलं नव्हतं ना, शिलेदार?

शिलेदार
अहो, क्षमतेच्या कैक पट माणसं आली तर कुणाचेही संडास तुंबतील!

तांब्यापेला
तुंबतात ते हिशेब चुकतो म्हणून. कामगारांसाठी ठेवतात ते फिरते संडास आठवड्याला एकदा उपसायच्या बोलीवर येतात. इथं वापर चोवीस तास, आणि धुणारी माणसं. धुण्यालाच माणशी रोज 1 ते 2 लिटर पाणी, वर मलमूत्र दीड लिटरच्या आसपास. एका संडासामागे 20 माणसं धरली तरी दिवसाला 50 ते 70 लिटर. टाकी साधारण 220 लिटरची, म्हणजे तीन-चार दिवसांत काठोकाठ. नळ आणि टमरेल ठेवलं नाही की लोक पाण्याची बाटली नेतात आणि ती आत टाकतात. उपसणाऱ्या टँकरच्या नळीत बाटली अडकली की रांगच्या रांग बंद. कागदाची रिळं कितीही ठेवा.

बाराबंदी
विषय संडासावर आणल्याबद्दल दंडवत. तरी माझाच मुद्दा पक्का होतोय. टमरेल ठेवायला कुणाची सही लागते?

तांब्यापेला
नाक मुरडायचं तर मुरडा. मॅकॉयमध्ये 12 हजारांहून अधिक माणसं होती. 20 ला एक धरला तर 600 लागतात. शिवाय तिथल्या बराकी दुसऱ्या महायुद्धातल्या, दुमजली. लांबलचक खोलीत चादरी बांधून कुटुंबं वेगळी केलेली, मोरी सगळ्यांची एकच. रात्री बाईनं एकटीनं जायचं कसं? बायकांची वेगळी मोरी, कडी आतून, बाहेर दिवा आणि महिला पहारेकरी, एवढं हवं. हुकूमनाम्यात ‘स्वच्छतागृहे : पुरेशी’ लिहिलं की कप्तान मोकळा.

शिलेदार
बरं बाबा, टमरेल आणि कडी लष्कराला सुचली नाही, मान्य. नागरी खात्यानं सहा महिने समिती नेमून सुचवली असती.

कोर्टकचेरी
त्या कडीच्या आत काही घडलं तर तक्रार कुणाकडे, हे अजून दोघांनीही सांगितलेलं नाही.

तांब्यापेला
ते तुम्ही शोधा. आणि कडी लोखंडीच लावा, प्लास्टिकची आठवडाभर टिकत नाही.