बी विंगचा वॉल्व आणि चपला सरळ करणारा डिटेक्टिव्ह
(ग्रुप : सांस्कृतिक समिती, गणेशोत्सव)

सावंतकाका, ए-१०४ : ओंकार, तुझ्या डिटेक्टिव्ह एकांकिकेची संहिता वाचली. नायक गाजर खातो, मधेच शिंकतो, उलटा चष्मा घालतो आणि शेवटी सीसीटीव्ही बघून चोर पकडतो. मग गाजर कशाला? ते काढलं तरी गोष्ट जशीच्या तशी उभी राहते. म्हणजे ते वरून चिकटवलेलं आहे.

ओंकार, सी-७०१ : काका, करमचंदही गाजरच खायचा की! १९८५, दूरदर्शन. लोक अजून 'शटाप किटी' म्हणतात.

माधुरीताई, बी-३०२ : तिथे पंकज कपूर होते रे. चावता चावता प्रश्न टाकायची त्यांची लय होती, त्यावर गाजर चाललं. आपले नट हौशी. नटाच्या जिवावर सोडलेलं काम आपल्याकडे संहितेनेच करायला हवं.

सावंतकाका, ए-१०४ : बरोबर. त्यासाठी 'मंक' ही अमेरिकन डिटेक्टिव्ह मालिका बघ. २००२ ते २००९, ८ सीझन, १२५ भाग. मंक झालेल्या टोनी शलूबला त्यासाठी ३ एमी, म्हणजे तिकडचे टीव्ही पुरस्कार, मिळाले. मंक म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा माजी पोलीस, बायकोच्या खुनानंतर नोकरी गेलेली. जंतू, उंची, गर्दी, अगदी दुधाचीही भीती. कुणाशी हात मिळवला की मदतनीस बाई लगेच ओला वाइप पुढे करते. आपण हसतो. पण भिंतीवरची फ्रेम जरा तिरकी झालेली ज्याला सहन होत नाही, त्यालाच खुनाच्या खोलीत जागेवरून हललेली वस्तू दिसते. ज्या खोडीला आपण हसलो तिनेच गुन्हा उकलतो, म्हणून प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटत नाही.
दुसरं, खुनी कोण हे बऱ्याच भागांत लवकर कळतं. एकात संशयित कोमात आहे, एकात खुनाच्या वेळी अंतराळात. मग केलं कसं, यावर भाग चालतो. २५ मिनिटांच्या एकांकिकेला हे सोयीचं. सहा संशयित उभे केले तर त्यांची ओळख करून देण्यातच १० मिनिटं जातात.

माधुरीताई, बी-३०२ : मी 'कोलंबो'च्या बाजूची. तीही अमेरिकन डिटेक्टिव्ह मालिका. तिथे खून डोळ्यांसमोर होतो आणि मग कोलंबो झालेला पीटर फॉक येतो. चुरगळलेला रेनकोट (तो त्यांचा स्वतःचाच होता), खटारा पूजो गाडी, तोंडात कधी न दिसणाऱ्या बायकोच्या गप्पा. श्रीमंत खुनी त्याला बावळट समजतो आणि गरजेपेक्षा जास्त बोलतो. हा निघतो, दारापर्यंत जातो, परत वळतो. खरा प्रश्न तेव्हा. गबाळेपणा ही त्याची चौकशीची रीतच आहे.

डॉ. शिल्पा, सी-२०३ : एक सांगू? मंकसारखं करायचं असेल तर आजाराची टिंगल नको. ओसीडी (मंकला असलेला, तेच तेच विचार आणि कृती करायला लावणारा मानसिक आजार) असलेली माणसं आपल्या प्रेक्षकांतही असणार. त्या मालिकेत बायकोचं दुःख सतत मागे असतं, म्हणून हसताना आपण त्याच्यावर हसत नाही. २५ मिनिटांत तेवढं दुःख उभं राहणार नाही. त्यापेक्षा साधी खोड घ्या, जी प्रत्येक मजल्यावर एकाला तरी असते.

माधुरीताई, बी-३०२ : मग ही घ्या. आपला डिटेक्टिव्ह दारासमोरच्या चपला सरळ केल्याशिवाय बेल वाजवत नाही. गुन्हा : गच्चीवर बी विंगचा वॉल्व कोणीतरी बंद केला, सकाळी पूर्ण विंग कोरडी. आदल्याच दिवशी गच्चीला वॉटरप्रूफिंगचा कोट मारलाय, आणि त्याचा राखाडी थर एका काकूंच्या चपलांच्या तळाला. सगळे काकूंवर घसरतात.
आता गंमत. घरात शिरणारा माणूस चालता चालता चपला काढतो, म्हणून अंगठे दाराकडे राहतात. काकूंच्या चपलांचे अंगठे मात्र समोरच्या फ्लॅटकडे होते. म्हणजे त्या घालून जाऊन आलेला माणूस काकूंच्या दाराशी त्या सोडून आपल्या घरात गेला. समोरचे काका! बाथरूमचा नळ सोसायटीला न सांगता बदलायचा होता, म्हणून वॉल्व बंद केला आणि उघडायचा विसरले.

ओंकार, सी-७०१ : जबरी! पण ताई, चपला डिटेक्टिव्हनेच सरळ केल्या ना? मग पुरावा कुठे राहिला?

सावंतकाका, ए-१०४ : हाच मदतनिसाचा उपयोग. सरळ केलेल्या चपलांवरून भांडणं होतात, म्हणून ती आधी प्रत्येक दाराचा फोटो काढून ठेवते. पहिल्या प्रवेशात हे निव्वळ विनोद म्हणून दाखवायचं. फोटो शेवटी अचानक निघाला तर लोक म्हणतील, हे आधी का नाही सांगितलं. मदतनीस फक्त 'सर, तुम्ही ग्रेट' म्हणत असेल तर तिला पात्रांतून काढा.

सेक्रेटरी : उद्या टाकी साफ होणार आहे, ११ ते ३ पाणी नाही. आणि पॅसेजमध्ये चपला ठेवणं मुळात चालत नाही, हेही नाटकात यावं.

ओंकार, सी-७०१ : शेवटी दरवाजा तोडायला दयाला बोलवू का? 😄

सावंतकाका, ए-१०४ : बोलाव, पण दरवाजाचे पैसे मंडळ देणार नाही.
लिहिताना मागून पुढे ये. आधी उलगडा लिही, मग त्याला लागणाऱ्या खुणा, मग त्या खुणा लपवणारे विनोद. पुढून लिहीत गेलास की शेवटी कबुलीजबाबावर गाडी अडते, तेच तुझं झालंय. वेळ साधारण अशी : पाणी गेल्याचा गोंधळ ४ मिनिटं, दारोदार चौकशी १२, काकूंवर आरोप ५, उलगडा ३, उरलेलं मिनिट काकांच्या माफीला. उलगडा लांबला की मागचे लोक प्रसादाच्या रांगेत जाऊन उभे राहतात. मंकमध्ये तो भाग काळ्या-पांढऱ्या चित्रांत झरझर दाखवतात. आपण बाकी लाइट बंद करून एका स्पॉटमध्ये मूकपणे करू, मदतनीस बोलेल.

माधुरीताई, बी-३०२ : विनोदात खूण लपवण्याचा एक धोका आहे. हशा चालू असताना वाक्य बोललं तर ते कुणालाच ऐकू जात नाही, आणि शेवटी उलगडा हवेतून आल्यासारखा वाटतो. म्हणून 'अंगठे कुठे बघतायत' हे तीनदा यायला हवं. एकदा विनोदात, एकदा मदतनीस फोटो बघताना कुरकुरते तेव्हा, एकदा काकू स्वतः घरात शिरताना नुसतं दिसून. तिसऱ्या वेळी शब्द नकोत.

डॉ. शिल्पा, सी-२०३ : पण स्टेजवर जमिनीवर ठेवलेल्या चपला तिसऱ्या रांगेच्या मागे कुणाला दिसणार?

ओंकार, सी-७०१ : दोन-अडीच फूट उंचीच्या बाकावर प्रेक्षकांकडे उतरती फळी ठोकू. फळी म्हणजे दारापुढची जमीन, हे डिटेक्टिव्ह पहिल्या दाराशी वाकला की कळेल. खालच्या कडेला पट्टी मारतो, नाहीतर चपला घसरतील. काकूंच्या चपला पांढऱ्या घेऊ आणि अंगठ्याला लाल टेप लावू.

सावंतकाका, ए-१०४ : लाल टेप फक्त त्यांच्याच जोडीला लावलास तर दुसऱ्या मिनिटाला उत्तर फुटेल. सगळ्यांना वेगवेगळ्या रंगाची लाव. आणि आरतीनंतर साडेआठला सुरू करा. १० च्या आत स्पीकर बंद व्हायला हवा.

माधुरीताई, बी-३०२ : आठ जोड लागतील, वापरलेले. कोऱ्या चपलेवर राखाडी थर रंगवल्यासारखा दिसतो. आणि समोरच्या काकांसाठी काकूंच्या चपलांत पाय मावेल असा माणूस शोधा. देशपांडेकाकांचा नंबर १० आहे, ते बाद.